छाट

अम्मा विचारते, छाट किती गेली?
गुण म्हणजे तिला एवढंच कळतं :
दिवसभर वळलेल्या विड्यांतून
चेकर जे बाजूला काढतो, पैसे न देता.
मी सांगते, वयाचे बारा मिळतात,
ऑगस्टात पस्तीस झाले की दहाच.
"मग लवकर टाक की माल,"
ती म्हणते, आणि तेंदूच्या पानाला कात्री लावते.

तो प्रांत नकाशावर चौकोनी आहे,
घडी उलगडलेल्या आपल्या चादरीसारखा,
फक्त मधली नक्षी विणायची राहून गेलेली.
तिथल्या एका गावात, वस्ती अकराशे,
म्हातारी माणसं उचलायला हात हवेत.
माझे दोन आहेत, सात रस्त्याच्या दवाखान्यात
अकरा वर्षं उचलून उचलून तयार झालेले.
बिराजदार डॉक्टरांनी दाखला दिला.
शिक्का उलटा बसला. पुन्हा मारला.
मग म्हणाले, नाइट ड्यूटीला आता कोण?

शाळेच्या दाखल्यावर मी व्यंकटलक्ष्मी,
आधारवर वेंकटालक्ष्मी,
घरी येंकू.
या तिघी एकच आहेत असं
कोर्टासमोरच्या टपरीत शपथेवर लिहून दिलं.
टाइप करणाऱ्यानं त्यात चौथी घातली.

मग ते पत्र.
मी तुमच्याच प्रांतात राहीन,
कागद हातात पडला की
मोठ्या शहरात पळून जाणार नाही,
असं एक पान, स्वतःच्या शब्दांत, कारणांसह.
रात्री गच्चीवर बसले, फरशी अजून भाजत होती.
आमच्या वर्गात बेचाळीस मुली-मुलं,
एकोणतीस पुण्यात.
असं पत्र सोलापूरनं
कुणाकडूनच मागितलं नव्हतं.
मागितलं असतं तर लिहिलं असतं का,
ठाऊक नाही.
विचारून तर बघायचं.

ताता मात्र असाच आला होता,
करीमनगराकडून, बारा वर्षांचा.
मागावर आधीच बसलेल्या मेव्हण्यानं
कारखानदाराला सांगितलं, हा आमचा.
एवढाच कागद.
पुढच्या दसऱ्याला परत जातो म्हणत
साठ वर्षं राहिला.
पैसे तेलुगूत मोजायचा, शिव्या मराठीत द्यायचा,
आणि उन्हाला नावं ठेवायला
शेजारच्या मल्लम्माकडून कानडी शिकला होता.

नामांकन आलं त्या पहाटे पाण्याची पाळी होती,
पाचव्या दिवसाची.
फोन वाजला. ओला अंगठा ओळखेना.
मुलानं घेतला, मोठ्यानं वाचायला लागला,
अभिनंदन, या प्रांताला आपली...
म्हटलं, आधी नळी धर, बॅरल वाहतंय.
भांडी भरून झाल्यावर उंबऱ्यात बसून
सगळं वाचलं. दोनदा.
अम्मानं विचारलं, थंडी किती?
उणे अडतीस.
"उणे म्हणजे?"
म्हणजे आपल्या मे महिन्यातून
सगळा मे काढून टाकायचा,
आणि तरी काढत राहायचं.

आता शेवटचा फॉर्म भरायचाय, कायमचा.
आईचं नाव. जन्मतारीख :
गड्ड्याच्या यात्रेआधी आठ दिवस
एवढंच माहीत, सहा जानेवारी टाकली.
व्यवसाय : हातकाम.
सोबत येणार का :
हो, नाही.
नाहीवर खूण केली.
पान पुढे जाईना, नेट अडकलं होतं,
गोल चक्र फिरत राहिलं
आणि ती खूण तशीच समोर.

ती दारातल्या उजेडात, सुपावर वाकलेली,
ओठ हलताहेत :
इरवै मूडु, इरवै नालुगु.
पंचविसाव्याला दोरा.
मोजताना मध्ये बोलायचं नसतं.
चुकलं की पहिल्यापासून.